सुया टोचून घ्यायला जाताय? आधी दोन घास खा

कंबरदुखीसाठी पहिल्यांदा अ‍ॅक्युपंक्चरला जाताना बरेचजण उपाशीपोटी जातात आणि मग गरगरतं, मी पण तेच केलं होतं. तर

१. तासभर आधी पोळीभाजी, उपमा काहीतरी खाऊनच जा.
२. पायजमा गुडघ्याच्या वर सरकेल असा सैल घाला, कारण दुखते कंबर पण सुया पायात, हातात पण टोचतात, दचकू नका.
३. सुईचं पाकीट तुमच्यासमोरच फोडायला सांगा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरची वेगळी कौन्सिल आहे, सुया लावणाऱ्याचा रजिस्ट्रेशन नंबर विचारायला कसली लाज.

टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग तिथे जड जड वाटतं, २०-३० मिनिटं नुसतं पडून राहायचं (फोन लांब ठेवा, हात हलला की सुई दुखते). एका सिटिंगमध्ये फरक पडेलच असं नाही.

रक्त पातळ करायची गोळी, पेसमेकर किंवा प्रेग्नन्सी असेल तर सुई लावायच्या आधीच सांगा.