मुलासाठी पहिले रोबोटिक्स किट निवडताना

रोबोटिक्स किटच्या खोक्यावर छापलेली भागांची संख्या पाहून खरेदी करू नये. एकदा जोडलेला रोबो मोडून त्याच भागांतून मुलाला दुसरे काही करता येईल का, हे आधी पाहावे. कारण एकच ठरावीक गाडी तयार होणारे किट ती गाडी पूर्ण झाली की कपाटात जाऊन पडते.

सात-आठ वर्षांच्या मुलाला ब्रेडबोर्डच्या (तारा खोचून सर्किट जोडायच्या पट्टीच्या) बारीक छिद्रांशी झगडायला लावण्यापेक्षा सहज बसणारे भाग आणि स्क्रॅचसारखे ठोकळे जोडून करायचे प्रोग्रामिंग बरे. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलासाठी मला मायक्रोबिट हा बोर्ड, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी संगणकीय पट्टी, सर्वांत योग्य वाटतो. त्याच्यावरच २५ एलईडींचा चिमुकला पडदा, दोन बटणे आणि हालचाल ओळखणारा सेन्सर असल्याने एकही तार न जोडता पहिल्याच बैठकीत काहीतरी चालू झालेले दिसते. आर्डुइनो उनो या दुसऱ्या बोर्डाचा प्रोग्राम सहसा टाइप करून लिहावा लागतो आणि एक अर्धविराम राहिला तरी तो अडतो, म्हणून हा बोर्ड बारा-तेराव्या वर्षी घ्यावा.

पालकांचे सर्वांत कमी लक्ष जाते ते वीजपुरवठ्याकडे. अनेक स्वस्त किटांत चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी दिलेली असते. मोटारींना लागणारा प्रवाह ती पुरवू शकत नाही. मोटार फिरू लागताच व्होल्टेज कोसळते, बोर्ड रीसेट होतो, रोबो जेमतेम दोन बोटे सरकून थांबतो, आणि मूल बिचारे आपल्या बिनचूक प्रोग्राममध्ये चूक शोधत बसते. याच ठिकाणी कित्येक मुलांचा उत्साह मावळतो. म्हणून पेन्सिल सेलचा होल्डर असलेले किट घ्यावे आणि सेल रिचार्जेबल वापरावेत. सुटे लिथियम सेल लहान मुलाच्या हाती एकट्याने देऊ नयेत.

सुटे भाग मिळतात का, हेही विचारावे. लेगोने १९९८ मध्ये आणलेली माइंडस्टॉर्म्स ही रोबोटिक्स किटांची मालिका २०२२ अखेर बंद झाली, तेव्हा केवळ कंपनीच्या नावावर विसंबणे पुरेसे नाही. चाके फिरवणारी पिवळी बीओ मोटार, ठरावीक कोनात वळणारी सर्वो मोटार, ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर असे सर्वसामान्य भाग असतील, तर ते पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे मिळतात.

घरी फक्त मोबाइल असेल, तर किट मोबाइलवरून चालते का, हे पैसे देण्यापूर्वी तपासावे. मूल सहावीत किंवा त्यापुढे असून शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतील प्रयोगशाळा) असेल, तर तेथील साहित्य त्याला आधी हाताळू द्यावे आणि त्याचा हात कशाकडे वळतो ते पाहूनच किट ठरवावे.