कूलंट कुठे जात होते?
गाडीखाली थेंबही सांडलेला नसताना टाकीतील कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी सतत खाली जात होती. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, ऑइलच्या कांडीवर दुधट थर नव्हता; त्यामुळे हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधला सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ थराचा) संशय, जो गॅरेजमध्ये अंमळ लवकरच घेतला जातो, मी बाजूला ठेवला. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या झाकणाजागी प्रेशर टेस्टर बसवून झाकणावर छापलेल्या १.१ बारपर्यंत दाब दिला, तेव्हा काटा हळूहळू उतरू लागला आणि कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पुलीमागील बारीक छिद्राखाली हिरवट, खरखरीत ओघळ सापडला. सील झिजल्यावर गळती बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावी म्हणूनच ते छिद्र ठेवलेले असते. गरम इंजिनावर पाणी मात्र तिथल्या तिथे आटते. पंप बदलून, हवा काढून नवे कूलंट भरल्यावर पातळी स्थिर राहिली.