सौरडाग धूसर का येत होते?

दोन महिने माझ्या फोटोंत सौरडाग, म्हणजे सूर्यावरचे काळे डाग, नुसते पुसट ठिपके दिसायचे. ८० मिमीची दुर्बीण, तोंडावर सोलर फिल्म (सूर्यप्रकाश कमी करणारा फिल्टर) घट्ट बसवलेली, फोकस पुन्हा पुन्हा तपासलेला. फिल्मवरच संशय घेतला, पण ती निर्दोष होती.

दोष हवेत होता. मी भर दुपारी सिमेंटच्या गच्चीवर उभा राहायचो. तापलेल्या सिमेंटवरून वर उठणारी हवा प्रतिमा हलवत होती. स्क्रीनवर सूर्याची कड मोठी करून पाहिली, तर ती उकळत्या पाण्यासारखी थरथरत होती!

मग दुर्बीण गवतावर नेली आणि सूर्य जरा वर आला की सकाळीच काम उरकायला लागलो. एकच फोटो काढण्याऐवजी मिनिटभराचा व्हिडिओ घेतो, ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या साधारण १० टक्के स्थिर फ्रेम निवडून एकत्र करतो. एक्स्पोजर शक्य तितकं कमी. डोक्यावर काळं कापड घेतलं की स्क्रीन नीट दिसते, फोकसही कडेवर न करता डागावरच करता येतो.

पहिल्याच रविवारी डागाचा काळा गाभा आणि त्याभोवतीची करडी, तंतूतंतूंची झालर वेगळी दिसली. मी कितीतरी वेळ ती बघतच बसलो.

एक मात्र कधीच विसरू नका: फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर हवा, आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) लावायचे फिल्टर उष्णतेने तडकतात. फाइंडरलाही, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीलाही, झाकण लावा. फिल्म रोज उजेडाकडे धरून बघा, बारीक छिद्र दिसलं तरी टाकून द्या.