युद्धकाळातली जीप: ओळखायची कशी, उभी करायची कशी

‘वर्ल्ड वॉरची जीप आहे’ असं सांगून आपल्याकडे विकायला निघणाऱ्या बऱ्याच गाड्या प्रत्यक्षात महिंद्राच्या सीजे-३बी असतात (सीजे म्हणजे नागरी वापराची जीप). ती गाडीही दणकट आणि जपण्यासारखी आहे, पण ती युद्धातली नाही. खरी युद्धकाळातली जीप म्हणजे विलीज एमबी किंवा तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांवर बनल्या. भारतात त्या आल्या त्या ब्रह्मदेश आघाडीसाठी आणि आसामातल्या लेडो रस्त्याच्या कामासाठी. युद्ध संपल्यावर उरलेला माल इथेच विकला गेला आणि देशभर पांगला. म्हणून ईशान्य भारत आणि बंगालमध्ये शोधाला यश येण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे बंद पडलेल्या गॅरेजचं मागचं अंगण, जुने मळे आणि वाडे धुंडाळावे लागतात. जाहिरातींपेक्षा साठी उलटलेल्या मिस्त्रींना विचारलेलं बरं. कुठली गाडी कुठल्या गोठ्यात पडून आहे हे त्यांना ठाऊक असतं.

बघायला जाताना टॉर्च, तारेचा ब्रश, लोहचुंबक, जुना स्क्रूड्रायव्हर आणि थोडं थिनर बरोबर घ्या. आधी लांबूनच समोरची जाळी मोजा. एमबी आणि जीपीडब्ल्यूच्या दाबून काढलेल्या पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या खाचा असतात, नागरी सीजे गाड्यांत सात. अगदी सुरुवातीच्या एमबींना पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती, ती आता दुर्मीळ. हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत बसलेले असतात. ते बिजागरीवर उलटे फिरवले की उजेड थेट इंजिनावर पडतो. मागे फाळका नसतो, सलग पत्रा असतो, आणि स्टेपनी त्याच्यावरच लागते. सीजेला मागे उघडणारा फाळका असतो आणि स्टेपनी बाजूला. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि सीट उचलूनच ती भरायची. मूळ स्टीअरिंग डावीकडे. सीजे-३बी तर बोनेटच्या उंचीवरूनच कळते, कारण तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात आणि त्यासाठी बोनेट वर उचलावं लागलं.

पण जाळी, बोनेट, सीट हे सगळं बदलता येतं. सत्तर-ऐंशी वर्षांत ते बदललं गेलेलंच असतं. गाडी म्हणजे तिची चासी, आणि निकाल चासीवरच लागतो. पुढच्या बंपरमागे, रेडिएटरखाली चासीच्या दोन्ही रेल जोडणारा आडवा मेंबर बघा. विलीजचा गोल नळीचा असतो, फोर्डचा उलट्या ‘यू’ आकाराच्या पत्र्याचा. फक्त याच खुणेवर विसंबू नका, नंबर शोधा. विलीजचा नंबर डाव्या चासी रेलच्या आतल्या अंगाला, बंपरच्या जरा मागे, छोट्या पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या रेलच्या वरच्या बाजूला, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगजवळ ठोकलेला असतो. रंगाचे थर थिनरने काढा, ग्राइंडर अजिबात लावू नका. ठोकलेले आकडे उथळ असतात, एकदा घासले की गेले. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवर आणि अनेक सुट्या भागांवर वळणदार इंग्रजी ‘एफ’ उमटवला होता. असे बोल्ट सापडले तर एकही फेकू नका.

मागच्या चाकाचं हबही बघा. टोकाला सहा बोल्टची चकती असेल तर फुल-फ्लोटिंग अॅक्सल (गाडीचं वजन शाफ्टवर न येता बाहेरच्या नळीवर येतं), म्हणजे युद्धकाळातला असण्याची शक्यता. मधोमध मोठा नट असेल तर अॅक्सल नंतरच्या सीजेचा. इंजिनाचं हेड सपाट आणि प्लग त्याच्या माथ्यावर असतील तर मूळ फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेलं इंजिन. डिझेल इंजिन बसलेलं असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडा. मूळ इंजिन शोधायचा खर्च पुढे आहेच.

व्यवहाराआधी आरसी हातात घेऊन चासी नंबर अक्षर-अक्षर ताडून बघा. नंबर जुळत नसेल किंवा चासीवर तुकडा कापून वेल्ड केलेला दिसला, तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्या. इथे कायद्याचा धागाही लक्षात ठेवायला हवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. तेव्हा पॉवर स्टीअरिंग, रुंद टायर, आधुनिक इंजिन यांची स्वप्नं बघण्याआधी ही नोंदणी हवी आहे की नको, ते ठरवा. व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

गाडी खोलताना प्रत्येक भागाचा चार बाजूंनी फोटो, प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. आटे सगळे इंची आहेत. ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ हे पाने हवेतच. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो आणि कोपरे गोल करून टाकतो. एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांगा: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, म्हणजे सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. हे माहीत नसलेला माणूस पान्यावर पाइप चढवून जोर लावतो आणि स्टड तोडतो.

दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली डिस्क असेल तर त्याहून सावध राहा. पाच नट चाक हबला धरतात, बाकीचे नट डिस्कचे दोन तुकडे एकत्र धरतात. हे बाकीचे नट टायरमध्ये हवा असताना सोडवले तर तुकडा गोळीसारखा उडतो, माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. आधी व्हॉल्व्हची पिन काढायची, टायरमधली हवा पूर्ण गेली याची खात्री करायची, मगच पाना लावायचा. टायरचं माप ६.००-१६.

चासी मोकळी झाली की सपाट जमिनीवर स्टँडवर ठेवून दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत हवा. तडे बहुधा पुढच्या पाट्यांच्या हँगरजवळ आणि स्टीअरिंग बॉक्सच्या ब्रॅकेटजवळ सापडतात. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून मगच वेल्डिंग करा, नाहीतर तडा वेल्डच्या पुढे सरकत राहतो. चासीला सँड ब्लास्टिंग चालतं. बोनेट आणि बाजूच्या पत्र्यांना मात्र ते करू नका. सपाट पत्रा तापून लाटांसारखा वाकतो आणि मग कुठल्याही डेंटरला सरळ होत नाही. तिथे केमिकल स्ट्रिपर आणि हात.

बॉडीचा खरा शत्रू तळाशी आहे. फरशीखाली टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या आडव्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्यात लाकडाच्या फळ्या भरलेल्या असतात. लाकूड पावसाळाभर पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. वरून फरशी ठीक दिसते, स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार जातो. या पट्ट्या बदलताना फरशी आधी आतून आडवे पाइप लावून ताणून धरा, नाहीतर बॉडी उघडते आणि विंडशील्डचे बिजागर पुन्हा जुळत नाहीत. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी नवी बॉडी स्वस्तात तयार मिळते, पण ती बहुधा सीजेच्या मापाची असते. निम्मा मूळ पत्रा शाबूत असेल तर तोच जोडत बसावं, असं आमचं ठाम मत आहे. मेहनत तिप्पट लागते, पण गाडी तीच राहते.

इंजिन २,१९९ सीसी, चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. जाम असेल तर टोचन करून चालू करायचा प्रयत्न कधीच करू नका, रिंगा तुटून बोअरमध्ये ओरखडे पडतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं ओता, आठवडाभर रोज हँडलने थोडं पुढे-मागे हलवून बघा. सुटलं की खोलायचंच आहे. ब्लॉकला डाय-पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून तडे तपासा, विशेषतः व्हॉल्व्ह सीट आणि बोअर यांच्यामध्ये. खाऱ्या पाण्याने वर्षानुवर्षं जॅकेटमध्ये क्षार साठतात, चौथा सिलिंडर तापतो आणि तिथून तडा सुरू होतो. मूळ बोअर ३.१२५ इंच. ०.०६० इंचांपर्यंत वाढवता येतो, त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी बसवायची. बोअरिंगसाठी कोल्हापूर किंवा पुण्यातला जुना लेथवाला गाठा आणि पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक त्याच्याकडे देऊ नका. बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो.

जोडताना हेडचे बोल्ट ६५ ते ७५ फूट-पाउंड, मेन बेअरिंग ६५ ते ७०, कनेक्टिंग रॉड ५० ते ५५. टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१४ इंच, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची ०.०२०, प्लगची ०.०३०. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. टॅपेटची फट चुकली तर फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि त्याची पहिली खूण म्हणजे हँडल मारताना एका सिलिंडरला जोरच न लागणं.

पेट्रोलच्या मार्गाकडे आज जास्त लक्ष द्यावं लागतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, पंपाचा डायफ्रॅम सैल करतं आणि हवेतलं पाणी ओढून टाकीला आतून गंज लावतं. डायफ्रॅम आणि होज इथेनॉल सोसणारे घ्या, आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करा.

टी-८४ गिअरबॉक्स या गाडीची कमजोर बाजू. उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर दुसरा गिअर सुटत असेल तर सिंक्रो (गिअर सहज जुळवणारी पितळी कडी) झिजला आहे किंवा शाफ्टला पुढे-मागे खेळ आला आहे. नुसता स्प्रिंग बदलून ते जात नाही. ऑइल एसएई ९०, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ पितळी सिंक्रोला चालत नाही. गिअरबॉक्सला सुमारे ०.७ लिटर, ट्रान्सफर केसला (ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणारा डबा) १.४, प्रत्येक डिफ्रेंशियलला १.२. ट्रान्सफर केसची पातळी आपोआप घटून गिअरबॉक्सची वाढत असेल तर मधलं सील गेलं.

पुढची चाकं ४० च्या वेगाला थरथरायला लागली की लोक टायर बदलतात. आधी पुढच्या मेंबरवरचा बेल-क्रँक, म्हणजे स्टीअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारा तुकडा, हलवून बघा. त्याची बुश आणि पिन झिजलेली असते. मग किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं ती पिन) शिम, म्हणजे पातळ चकत्या, मग टायर. ब्रेक एकाच सर्किटचे आहेत, म्हणजे एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून सगळे होज, सगळे व्हील सिलिंडरचे रबर आणि सगळे पाइप एकाच वेळी नवे.

वायरिंग सहा व्होल्टचं आहे. त्यात करंट दुप्पट लागतो, म्हणून बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावली की सेल्फ रडत फिरतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. केबल ५० चौरस मिमीची घ्या, आणि इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी रंग खरवडून उघड्या लोखंडावर बसवा.

रंगाच्या बाबतीत बऱ्याच जणांची निराशा होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. इतिहासाला धरून राहायचं तर अमेरिकी नौदलाच्या जीपचा करडा किंवा वाळवंटी रंग निवडा. एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर चकाकी नसलेला रंग. जोडांच्या आत आणि पोकळ पट्ट्यांत मेणासारखं गंजरोधक भरायला विसरू नका.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, ऑइलचा काटा हलेपर्यंत सेल्फ फिरवा. चालू झाल्यावर वीस मिनिटं मध्यम वेगात ठेवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क करा. पहिले ८०० किलोमीटर ताशी ४५ च्या आत, डांबरी रस्त्यावर फोर-व्हील न लावता. पहिलं ऑइल १५० किलोमीटरला काढा आणि ते पांढऱ्या कपड्यातून गाळून बघा. राखाडी चमक असेल तर रिंगा बसताहेत, पितळी कण दिसले तर इंजिन लगेच बंद करून बेअरिंग उघडा.