आरमारी अधिकाऱ्याचे जुने कोरीव छापचित्र कसे पारखावे

पुण्याच्या जुन्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यातून एखाद्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याचे चित्र क्वचित हाती लागते. त्यातही तो कमोडोर विल्यम जेम्स, म्हणजे पेशव्यांच्या साथीने १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेणारा, निघाला तर घासाघीस करण्याचे भान राहत नाही. म्हणून पैसे काढण्यापूर्वी भिंग काढावे.

दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून प्रथम चेहरा पाहावा. सगळीकडे सारख्या अंतराच्या जाळीत बसलेले ठिपके दिसले, तर ती अलीकडची यांत्रिक छपाई समजावी. मात्र ठिपके दिसताच चित्र टाकून देऊ नये, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस चेहरे ठिपक्यांनीच कोरण्याची पद्धत फार चालत असे; फरक एवढाच की ते ठिपके लहानमोठे, हाताने टोचलेले असतात आणि गालाच्या गोलाईबरोबर वळतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली रेघ टोकाला निमुळती होत जाते, आणि कोटाच्या गडद भागावर बोट अलगद फिरवले तर शाईचा किंचित उठाव जाणवतो.

यानंतर कागद तिरप्या उजेडात धरून चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा दाब उमटला आहे का, हे पाहावे. ही खूण नंतरही उठवता येत असल्याने तेवढ्यावर विसंबू नये.

चित्राखालच्या बारीक ओळी सर्वांत बोलक्या असतात. डावीकडच्या नावापुढे ‘पिंक्सिट’ असेल तर तो मूळ चित्रकार, उजवीकडे ‘स्कल्पसिट’ असेल तर तो कोरणारा. १७३५ च्या इंग्लंडमधील कायद्यामुळे पत्र्यावर मालकाचे नाव व प्रकाशनाची तारीख कोरली जाऊ लागली. ती तारीख छापचित्राची असते, चेहऱ्याची नव्हे. जेम्स १७८३ मध्ये वारला, म्हणून त्यानंतरची तारीख पाहून चित्र खोटे ठरवू नये.

याच ओळी माझ्या एका फ्रेमवाल्याने ‘समास मळलाय’ म्हणून कापून टाकल्या, आणि चित्राचा जन्मदाखलाच गेला. तेव्हापासून कागदाला कात्री लावायची नाही, असे मी लेखी देतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कालांतराने पिवळा पडून कागदात मुरतो. मागे आम्लविरहित पुठ्ठा घालावा, काच आणि कागद यांच्यात फट राहील असे पाहावे, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नये.