ब्रोकर बदलल्याने परतावा वाढतो का? हिशेबातील या चुका टाळा

म्हापशाच्या किंवा मडगावच्या ब्रोकरला वर्षानुवर्षे फोनवरून सौदे सांगणारे वडील आणि पणजीत नोकरी करताना मोबाइलवरच व्यवहार उरकणारा मुलगा यांच्यात ‘कोणाचा ब्रोकर चांगला’ हा वाद गोव्यातील अनेक घरांत रंगतो. शेअरचा भाव बाजारात ठरतो. ब्रोकर तो वाढवू शकत नाही. तो आपल्या परताव्यातून वाटा घेतो, आणि त्या वाट्याचा आकार दलालीच्या दराइतकाच आपल्या उलाढालीवरही अवलंबून असतो.

नेमकी येथेच सर्वांत मोठी चूक होते. समजा, ०.५ टक्के दलालीने १ लाख रुपयांचे शेअर घेतले. ५०० रुपये दलाली आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ५९० रुपये जातात आणि त्याच भावाने विकले तर तेवढेच पुन्हा, म्हणजे एकूण १,१८० रुपये. हेच शेअर दहा वर्षे सांभाळले, तर वर्षाला हा भार सव्वाशे रुपयांच्या आत राहतो. पण वर्षातून चार वेळा सगळे विकून नवे घेतले, तर दलालीपोटीच ४,७२० रुपये, म्हणजे भांडवलाच्या पावणेपाच टक्क्यांच्या आसपास रक्कम निघून जाते. दलाली शून्य असली तरी खरेदी आणि विक्री या दोन्हींवर ०.१ टक्के एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरील कर) आणि खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क चुकत नाही. चार फेऱ्यांचे तेच ८६० रुपये होतात. शिवाय दलाली वाचते म्हणून हात सैल सोडणारे, आणि पुढे फ्युचर्स-ऑप्शन्सकडे, म्हणजे शेअरच्या पुढील भावावर केल्या जाणाऱ्या जोखमीच्या सौद्यांकडे, वळणारे लोक मी पाहिले आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या विभागातील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाल्याचे बाजार नियामक सेबीच्याच अभ्यासात आढळले आहे. त्यापुढे वाचलेल्या दलालीचे कौतुक ते काय!

म्युच्युअल फंडात चूक अधिक महाग पडते, कारण तेथे पावती फाडली जात नाही. रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, योजनेतील त्याचे कमिशन फंडाच्या खर्चातूनच दरवर्षी वजा होते. १० लाख रुपयांवर २० वर्षे १२ टक्क्यांऐवजी ११ टक्के मिळाले, असे गृहीत धरले तर शेवटी सुमारे १६ लाखांचा फरक पडतो. वितरकाशिवाय थेट घेता येणाऱ्या ‘डायरेक्ट’ योजना २०१३ पासून उपलब्ध आहेत; स्टेटमेंटवर फंडाच्या नावात तो शब्द आहे का, एवढे पाहावे. मात्र चांगला सल्ला मिळत असेल, तर कमिशन वायाच गेले असे मी म्हणणार नाही.

थोड्या-थोड्या शेअरची विक्री करताना डीपी शुल्क, म्हणजे डीमॅट खात्यातून शेअर बाहेर जाताना लागणारे शुल्क, विसरले जाते. हे शुल्क विक्रीच्या रकमेवर अवलंबून नसते. ते १५ रुपये धरले, तर १,५०० रुपयांच्या विक्रीत एक टक्का तेथेच संपतो.

गोव्यातील विवाहितांसाठी आणखी एक खास बाब आहे. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार मालमत्ता समाईक असलेल्या जोडप्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न प्राप्तिकर कायद्यानुसार पती-पत्नीत निम्मे-निम्मे विभागले जाते. ब्रोकरच्या कर-अहवालात मात्र सगळा नफा खातेदाराच्याच नावे दिसतो. तो जसाच्या तसा विवरणपत्रात उतरवल्यास विवरणपत्रच चुकते.

एवढे समजूनही ब्रोकर बदलायचाच असेल, तर जुन्या खात्यातील शेअर विकून नव्या खात्यात पुन्हा घेऊ नयेत, कारण त्यामुळे नफ्यावर विनाकारण कर लागतो. स्वतःच्याच नावावरील दुसऱ्या डीमॅट खात्यात शेअर थेट हलवता येतात, आणि जुने खाते बंद करून हलवल्यास त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. त्यापूर्वी प्रत्येक खरेदीची तारीख आणि भाव मात्र उतरवून ठेवावा. नव्या ब्रोकरकडे ही माहिती बहुधा आपोआप पोहोचत नाही आणि पुढे विक्रीच्या वेळी भांडवली नफा काढताना तीच लागते.