व्हीटी२२० वर लांब मजकुरातल्या ओळी गळत होत्या
व्हीटी२२० हा जुना टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड) लिनक्सच्या संगणकाला सिरियल केबलने जोडलेला. लॉगिन व्यवस्थित, पण लांब यादी आली की मधल्या ओळी गायब आणि जागोजागी आरशातल्यासारखं उलटं प्रश्नचिन्ह. केबल बदलली, वेग ९६०० वरून ४८०० वर आणला; ढिम्म फरक नाही. दोन रविवार त्यातच गेले.

जमलं ते असं: एफ३ दाबून सेट-अप, त्यात कम्युनिकेशन्स. तिथे ‘नो एक्सऑफ’ होतं (एक्सऑफ म्हणजे टर्मिनलने संगणकाला द्यायचा ‘थांब’ हा संकेत); एंटर दाबत ‘एक्सऑफ ॲट ६४’ केलं, म्हणजे ६४ अक्षरं साठली की ‘थांब’. मग डिरेक्टरीत परत येऊन ‘सेव्ह’ (हे विसरलात तर टर्मिनल बंद केला की पहिले पाढे पंचावन्न). शेवटी लिनक्सवर एसटीटीवायने (जोडणीच्या सेटिंग्ज बदलणारी आज्ञा) आयएक्सऑन (हा संकेत पाळणं) चालू, सीआरटीएससीटीएस (केबलमधल्या वेगळ्या तारांनी थांबवणं) बंद.

टर्मिनलचा बफर (आलेली अक्षरं पडद्यावर उमटेपर्यंत ठेवायची जागा) जेमतेम अडीचशे अक्षरांचा. तो भरत आला तरी लिनक्सला ‘थांब’ म्हणायची टर्मिनलकडे सोयच नव्हती.